विजेची तार आणि प्रकाशाची तार

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आज दोन तारा येतात. एक बाहेरच्या खांबावरून येणारी विजेची तार. ती गावाच्या परिचयाची आहे. तिच्यावर कावळा बसला तरी मुले ओरडतात. दुसरी काळ्या आवरणाची बारीक केबल. ती भिंतीवरील एका लहानशा पेटीत शिरते आणि तिच्यात नेमके काय आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तिच्यात काचेचे केसाएवढे तंतू असतात आणि त्यांतून प्रकाशाच्या रूपाने संदेश वाहतात. पहिली तार शक्ती आणते, दुसरी माहिती.

शासनाच्या दोन फार मोठ्या योजना या दोन तारांशी निगडित आहेत. पहिली वीजवितरणाच्या सुधारणेची. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मान्यता दिली. तिचा आराखडा ३,०३,७५८ कोटी रुपयांचा आणि तिच्यातील उद्दिष्ट देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे. दुसरी भारतनेट. तिच्या सुधारित कार्यक्रमाला ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. या दोन्ही योजनांची मंत्रालये वेगळी, कंत्राटदार वेगळे आणि कागदपत्रेही वेगळी. गावात मात्र त्या एकाच खोलीत, एकाच भिंतीवर येऊन भेटतात. पहिली तार बंद पडली की दुसरीची पेटी निकामी होते. आणि वीजजाळ्यापुढे जे नवे काम येऊन ठेपले आहे, ते संदेशवहनावाचून होण्यासारखे नाही.

पन्नास आवर्तनांचा हिशेब

धान्य कोठारात ठेवता येते, पाणी धरणात अडविता येते. वीज तारेत साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते, त्याच क्षणी ती कोठेतरी निर्माण व्हावी लागते. या जमाखर्चाचा मेळ बसतो आहे किंवा नाही, हे विद्युतप्रवाहाच्या आवर्तनांवरून कळते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० असावी लागतात. मागणी वाढली व निर्मिती तेवढी वाढली नाही, तर जनित्रांवर ताण पडून आवर्तने घटतात. उलट झाले तर वाढतात. हा तोल फार ढळला, तर यंत्रे स्वतःच्या रक्षणासाठी जाळ्यातून बाहेर पडतात आणि एकापाठोपाठ एक प्रदेश अंधारात जातो. ३० व ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतात नेमके हेच घडले. दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकवस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. पश्चिम विभागाचे जाळे, ज्यात महाराष्ट्र येतो, त्या वेळी तगून राहिले.

पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्व जनित्रे तेव्हापासून एका तालावर फिरू लागली. एका देशाचे एक जाळे झाले, हा लाभ मोठा खरा. पण एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला जाणवण्याची सोयही त्यामुळे झाली. म्हणूनच महत्त्वाच्या उपकेंद्रांतून अशी मापनयंत्रे बसविण्यात आली की, जी उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून सेकंदातून कित्येक वेळा जाळ्याची नाडी तपासतात. हे आकडे भारप्रेषण केंद्रांकडे जातात ते काचेच्या तंतूंतून. उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर अगदी वरच्या बाजूस जी तार असते, ती विजेपासून संरक्षणासाठी असते, हे अनेकांना माहीत असते. नव्या वाहिन्यांवर त्याच तारेच्या पोटात हे तंतू घातलेले असतात, हे सहसा माहीत नसते. शेतातून जाणाऱ्या मनोऱ्यावर शक्ती आणि संदेश यांचा संसार असा एकत्र चाललेला आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता हा हिशेब नवी मुंबईत ऐरोली येथील राज्य भारप्रेषण केंद्रात ठेवला जातो. दिवसाचे पाव-पाव तासाचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात कोणी किती वीज द्यावयाची व कोणी किती घ्यावयाची, हे आदल्या दिवशी ठरविले जाते. औष्णिक केंद्रांच्या जोरावर चालणाऱ्या जाळ्यात हे काम अवघड असले तरी अंगवळणी पडलेले होते. सायंकाळी मागणी चढली की कोयनेचे पाणी सोडावे. कोयनेची जनित्रे काही मिनिटांत सुरू होतात. परंतु कोयनेचे पश्चिमेकडे वळवावयाचे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्याने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट एवढेच ठरलेले आहे. ते जपूनच खर्चावे लागते. घाटघर येथील २५० मेगावॉटचा प्रकल्प, जो मागणी कमी असताना पाणी वर चढवितो आणि अधिक असताना खाली सोडतो, त्याच कामासाठी २००८ मध्ये उभा राहिला.

रात्रीचे पाणी

आता सूर्यशक्तीने या हिशेबाची मांडणीच बदलली आहे. भर दुपारी वीज मुबलक, स्वस्त. सूर्य कलला की ती झपाट्याने ओसरते, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. म्हणजे पूर्वी निर्मितीने मागणीच्या मागे धावावे लागे. आता जी मागणी हलविता येईल ती निर्मितीच्या वेळेवर आणावी लागेल. महाराष्ट्रात अशी हलविता येण्याजोगी सर्वांत मोठी मागणी शेतीपंपांची आहे.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तरी हेच हवे आहे. वर्षानुवर्षे शेतीच्या वाहिन्यांना आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळत आली. थंडीच्या रात्री दोन वाजता बॅटरी हाती घेऊन दार मोडावयास जाणे, विंचूकाट्याची आणि जुन्नर-शिरूर भागात बिबट्याची धास्ती, हे सारे त्या वेळापत्रकाचे देणे. रात्री वीज येण्याची वेळ अनिश्चित म्हणून शेतकऱ्यांनी पंपांना ऑटो-स्विच बसविले. वीज येताच एका डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात, रोहित्रावर सुरुवातीचाच भार दुणावतो आणि ते जळते. मग आठ-दहा दिवस सगळ्यांचीच पिके तहानेली राहतात. एकेकाची सोय आणि सर्वांची गैरसोय यांचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी हे तिच्या आरंभीच्या गावांपैकी एक. एप्रिल २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर वेगळे सौरपंप देण्यापेक्षा, उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून शेतीची संपूर्ण वाहिनीच दिवसा चालवावी, अशी तिची कल्पना. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यातील तो पहिला. जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये व त्यावर दरसाल ३ टक्के वाढ, आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान, अशी तरतूद योजनेत ठेवण्यात आली. गायरान जमिनीवर प्रकल्प येताना चराईचा प्रश्न गावोगाव निघतो. तो केवळ अनुदानाच्या आकड्याने सुटत नाही. ग्रामसभेत आधीच बोलून घेतलेला बरा.

असे शेकडो लहान प्रकल्प खेड्यापाड्यांतील उपकेंद्रांना जोडले गेले म्हणजे ऐरोलीस बसलेल्या अधिकाऱ्याला एक नवी अडचण येते. चंद्रपूर वा कोराडी येथील एका मोठ्या केंद्राची स्थिती विचारणे सोपे. एका जिल्ह्यावर ढग आला तर पन्नास उपकेंद्रांवर किती वीज घटली, हे त्याला कोण सांगणार? त्या उपकेंद्रातून क्षणोक्षणी निरोप आला तरच. पूर्वी ३३ किलोव्होल्टच्या उपकेंद्रातील यंत्रचालक नोंदवहीत आकडे लिही आणि दूरध्वनीवरून कळवी. तेवढ्याने आता भागत नाही.

या बाबतीत एक जुनी आठवण नोंदविण्याजोगी आहे. विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा राज्यात कडक भारनियमन होते. त्या काळात राबविलेल्या अक्षय प्रकाश योजनेत गावाने सायंकाळच्या वेळी शेतीपंप व गिरण्या आपखुशीने बंद ठेवावयाच्या, आकडे काढून टाकावयाचे, आणि त्या बदल्यात गावातील दिवे चालू राहावयाचे, असा करार होता. त्यात ना संगणक होता, ना तंतू. मागणी हलविण्याचा जो विषय आज मोठमोठ्या अहवालांतून मांडला जातो, तो या गावांनी चावडीवर बसून अमलात आणला होता. त्याचे श्रेय त्यांना फारसे दिले गेले नाही.

मीटर काय सांगतो

स्मार्ट मीटरविषयी राज्यात बरीच चर्चा झाली व पुष्कळ विरोधही झाला. त्यातील काही भाग गैरसमजाचा, काही रास्त. हा मीटर वापराची नोंद महिन्यातून एकदा न ठेवता दर पाव किंवा अर्ध्या तासाला ठेवतो आणि ती रेडिओ-लहरींनी अथवा भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून कंपनीकडे पाठवितो. त्याचे मोल एकट्या घराच्या मीटरपेक्षा तीन ठिकाणच्या मीटरांच्या मेळात आहे: वाहिनीच्या मुखाशी एक, रोहित्रावर एक आणि ग्राहकाकडे एक. समजा, एका डीपीतून महिन्यात १०,००० युनिट गेले आणि तिच्यावरील सर्व ग्राहकांच्या मीटरांची बेरीज ८,००० भरली. तर २,००० युनिट कोठे गेले, हा प्रश्न त्या एका डीपीपुरता विचारता येतो. तारा जुन्या होऊन तापतात काय, आकडे आहेत काय, की एखादा मीटरच मंद झाला आहे? आजवर गळतीचा आकडा तालुक्याचा वा विभागाचा निघे आणि त्याचा भार प्रामाणिक ग्राहकावर सारखाच वाटला जाई.

शेतीपंपांचा यात समावेश नाही. अनेक पंपांना मीटरच नाहीत. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांकरिता मोफत विजेची योजना लागू झाल्यावर शेतकऱ्याच्या दृष्टीने मीटरचे प्रयोजन आणखी कमी झाले. पण राज्याने त्या विजेपोटी अनुदान किती द्यावयाचे, हे मात्र वापरावरच ठरते. म्हणून शेतीच्या बाबतीत वाहिनीच्या मुखाशी असलेला मीटर हाच विश्वासाचा.

घरगुती ग्राहकांचा मुख्य आक्षेप आगाऊ पैसे भरण्याला होता. जून २०२४ मध्ये राज्य शासनाने सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर बसविण्यात आलेल्या नव्या मीटरांचे बिल नेहमीप्रमाणे महिन्यानंतर येते. केंद्राने २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार दिवसाच्या, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या तासांतील विजेचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा, असे ठरले आहे. राज्यात १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांसाठी दिवसाच्या वापरावर सवलत सुरू झाली. पाण्याची टाकी भरणे, कपड्यांचे यंत्र लावणे, पिठाची गिरणी चालविणे ही कामे दुपारी उरकणाऱ्यास तिचा लाभ होतो. दिवसभर घराला कुलूप लावून कामावर जाणाऱ्या कुटुंबाला तो होत नाही, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

बिल अवाजवी आले असे वाटल्यास ग्राहकाचा हक्क स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे, मीटरचे वाचन वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास पाच दिवसांत दुसरा मीटर जोडीला लावून किमान तीन महिने पडताळा पाहण्याचे बंधन वितरण कंपनीवर आहे. नवा मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी, त्याने दाखविलेल्या कमाल मागणीवरून दंड आकारता येत नाही. ग्रामसेवकांनी व शिक्षकांनी ही दोन कलमे गावात वाचून दाखविली, तर निम्मे वाद मिटतील.

काचेचा तंतू

आता दुसऱ्या तारेकडे. शुद्ध काचेच्या तंतूत एका टोकाने शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत दुसऱ्या टोकाला निघतो. अशी काच इतकी निर्मळ करता येईल की संदेश मैलोन्‌मैल जाईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी १९५० च्या दशकात तंतूंतून प्रतिमा नेण्याचे प्रयोग करणारे नरिंदरसिंग कपानी मूळचे पंजाबचे. आजच्या तंतूत सुमारे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. खिडकीची काच हातभर जाडीची केली तर पलीकडचे धड दिसणार नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे ही निर्मळता किती, ते उमगते.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना तंतूने जोडण्याचे ठरविले. २०१५ पासून त्या योजनेला भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्याचे काम भारत संचार निगमने केले, दुसऱ्याचे महानेट या नावाने राज्य शासनाच्या महाआयटीने. मूळ संकल्प दोन वर्षांचा होता. तो पाळला गेला नाही, आणि जेथे केबल पोहोचली तेथेही पुष्कळ पेट्या बंद राहिल्या. याची कारणे उघड आहेत व ती तंत्रज्ञानाच्या गहनतेत नाहीत.

तालुक्याहून निघालेला तंतू वाटेत फाट्या-फाट्यांवर विभागत जातो. या विभागणीला विजेची गरज लागत नाही. ती निव्वळ काचेची करामत आहे. वीज लागते ती दोनच टोकांना, तालुक्याच्या यंत्राला आणि पंचायतीतील पेटीला. ही पेटी एका साध्या दिव्याएवढी वीज घेते. तरीही गावाची वीज गेली, अथवा थकबाकीपोटी पंचायतीचाच पुरवठा तोडला गेला, की दाखले अडतात, सेवा केंद्रावर पेन्शनरांची रांग थांबते आणि त्याच जोडणीवर चालणाऱ्या शाळेचा पडदा काळा होतो. पहिल्या टप्प्यात दिलेल्या बॅटऱ्या काही वर्षांनी मरणारच होत्या. त्या बदलण्याचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात दाखवावयाचा, हे ठरलेले नव्हते.

दुसरे कारण रचनेचे. केबल एका रेषेत टाकलेली असल्याने मध्ये एके ठिकाणी ती तुटली की पुढची सारी गावे एकदम बंद. सुधारित कार्यक्रमात ती वर्तुळात टाकावयाची आहे. एका बाजूने तुटली तर संदेश उलट्या बाजूने फिरून येईल. त्याबरोबर दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी करारातच घालण्यात आली आहे. सडकेच्या कामात जसे बांधणाऱ्यासच काही वर्षे खड्डे बुजवावे लागतात, तसेच हे. ही अट पहिल्या दिवसापासून असती, तर बराच पैसा व त्याहून अधिक विश्वास वाचला असता.

फावडे पडण्यापूर्वी

केबल तुटते ती बहुधा वादळाने नव्हे, खोदकामाने. रस्ता रुंद होतो, जलजीवनची नळवाहिनी जाते, कोणी शेतात पाइप टाकतो. जेसीबीचा दात खाली गेला की क्षणात तालुका आणि गाव यांचा संबंध तुटतो. तुटलेली जागा शोधण्याचे यंत्र आहे. ते तंतूत प्रकाशाचा एक ठोका सोडते व परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यावरून किती अंतरावर तुटले हे काही मीटरांच्या फरकाने कळते. पण जोडणी करणारा कुशल माणूस व त्याचे सांधण्याचे यंत्र तेथे पोहोचावे लागते. त्याला दिवस लागतात, आणि खोदणारा तोवर माती लोटून निघून गेलेला असतो.

यावर उपाय म्हणून केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन सुरू केले. खोदणाऱ्याने जागा नोंदविली की त्या जमिनीखाली ज्यांची केबल, नळ वा वायुवाहिनी आहे त्यांना सूचना जाते, आणि ते आपली रेषा दाखवून देतात. दूरसंचार मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले आहेत. केबल टाकण्यास परवानगी मागणारे अर्ज त्यांनुसार संकेतस्थळावर येतात, आणि ठराविक मुदतीत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणजे पंचायतीने अर्ज बाजूला ठेवला तरी काम थांबणार नाही; फक्त केबल गावातून कोठून जावी हे सांगण्याची संधी हुकेल.

पंचायतीच्या स्वतःच्या कामांतही, गटार असो वा नळयोजना, कंत्राटदाराच्या कार्यादेशात खोदण्यापूर्वीच्या नोंदणीची एक ओळ घालता येते. तिला खर्च नाही. तसेच नव्या नळयोजनेच्या चरात एक रिकामी प्लॅस्टिकची नळी टाकून ठेवली, तर पुढे केबल ओढण्यासाठी तोच रस्ता पुन्हा फोडावा लागत नाही. चर एकदाच खणला जातो. नळी नंतर टाकावयाची म्हटली तर तो सारा खर्च दुसऱ्यांदा होतो.